घडीचं घर

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील पालघरच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि संपाची, सभांची, मोर्च्यांची उरलेली पत्रकं घरी आणायचे. गुलाबी, पिवळी, हिरवी. मी आधी ती दुमडायला शिकलो, मग वाचायला. दुमडून होड्या झाल्या, घरं झाली, दिवाळीचे कंदील झाले. मोठा झालो तेव्हा दोन्ही कामं माझ्याकडे आली: वर्षभर पत्रकं लिहायची आणि श्रावणात लोकांच्या गणपतीची मखरं करायची. त्या दोन कामांत मला कधी फरक वाटला नाही. कागद उभा राहिला पाहिजे, एवढंच.

त्या श्रावणात मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी आमच्या ओट्यावर बसली. मावशीचं गाव तारापूरकडच्या किनाऱ्यावर. वीजघराच्या कामासाठी गाव उठणार हे ठरलं होतं, आणि त्याविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं: ‘कुणाच्या दिव्यासाठी कुणाची चूल?’ पाटीतले बोंबील आईला देता देता मावशी मला म्हणाली, “मखर करशील? आमच्या घरासारखं. तसंच्या तसं.”

मी लगेच हो म्हटलं. मखर कसलं, ते तर उभं पत्रक होणार होतं.

घर बघायला मी तिच्या गावी गेलो. कौलारू, बुटकं, शेणानं सारवलेलं. ओटी थेट दर्याकडे. समोर बोंबील सुकवायला बांबूंच्या रांगा. मी वितीनं भिंती मोजत होतो आणि मावशीची सासू खाटेवरून विचारत होती, “यो सरकारचा माणूस काय गं?”

“नाय आत्या, कागदवाला हाय.”

“सरकारचा बी कागदवालाच व्हता.”

मी हसलो, पण मला ते लागलं.

कापडाच्या दुकानातून ताग्यांचे पुठ्ठे आणले. मैद्याची खळ शिजवली, झुरळांनी खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं. तीन भिंती, पुढे उघडी ओटी, वर छप्पर. कौलं लाल घोटीव कागदाची, एकेक गोल वळवून बसवलेली. कोपरे मी दुहेरी पट्ट्या लावून असे चिकटवले की घर हातानं मोडायचं म्हटलं तरी मोडू नये. हे मी मुद्दाम केलं. जे घर हलवायला निघाले होते त्यांना दिसावं, की हे हलत नाही.

चतुर्थीच्या आधी ते डोक्यावर घेऊन मी गावी पोचलो. मावशीनं कौलांवरून बोट फिरवलं. खूश झाली. मग एक भिंत आत ढकलून बघितली.

“याची घडी कशी व्हते?”

“घडी कशाला, मावशी? दीड दिवसानं गणपतीबरोबर पाण्यात सोडायचं.”

“नाय. यो नव्या घराला न्यायचा हाय.”

मखर दर वर्षी नवं करायचं आणि जुनं सोडून द्यायचं, ही तिथल्या घराघरातली रीत. ती मोडायला निघालेली ही बाई, आणि तीही गाव सोडण्याच्या तयारीत. माझं डोकं तापलं.

“म्हणजे तुम्ही मनानं निघालातच. घडी घातली की संपलं. मग आम्ही लढायचं कुणासाठी?”

मावशी शांतपणे खाली बसली. “तू लढ. मी नको बोलते काय? पन पुढच्या सालाला देव तिकडं येल. त्या चाळीवानी खोल्या. त्याला काय वळखीचं दिसाया पायजे का नको?”

“पण मावशी...”

“पोरा, कागद तुजा. घर माजं.”

तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला. मी स्वतःच चिकटवलेले कोपरे सुरीनं कापले आणि काठाच्या पट्ट्यांची बिजागरी केली. दोन्ही भिंती मागच्या भिंतीवर मिटल्या, छप्पर आढ्यावर दुमडलं. सगळं घर सुपाएवढं सपाट झालं. ते बघून सासू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

माझा राग पुरता गेला नव्हता. मी पिशवीतून माझं ते पिवळं पत्रक काढलं. “हे तरी लावू द्या.”

“लाव. देवाच्या पाठीमागं लाव. त्याला वाचाया नाय लागत.”

मागच्या भिंतीला, बाहेरून, मी ते पूर्ण खळीत भिजवून लावलं.

पुढच्या चतुर्थीला मी त्यांच्या नव्या वस्तीत गेलो. एकसारख्या खोल्यांच्या रांगा, दारं सगळी रस्त्याकडे. दर्या मागे, दूर, दिसत नव्हता. मावशीची खोली शोधताना मी दोन वेळा दुसऱ्याच्या दारात उभा राहिलो.

आत शिरलो तर समोर मखराची पाठ. मावशीनं घडी उघडून घर मांडलं होतं, पण ओटी दर्याकडे करून. त्यामुळे गणपती दाराला पाठ करून मागच्या भिंतीकडे बघत बसला होता. माझ्यामागून आलेला शेजारी म्हणाला, “वहिनी, देव उलटा बसवलास की.”

“देव नाय उलटा,” मावशी म्हणाली. “दार चुकलंय.”

शेजारी हसला आणि वळसा घालून दर्शनाला गेला. दारातून येणारा प्रत्येकजण आधी त्या पिवळ्या कागदासमोर थबकत होता. माझं पत्रक. एका कोपऱ्याला सुरकुतलं होतं, पण अक्षर न् अक्षर शाबूत. वाचता येणारे वाचत होते, न येणाऱ्यांना कुणीतरी हळू आवाजात वाचून दाखवत होतं, आणि मग सगळे वळसा घालून त्या छोट्या कौलारू घरासमोर बसत होते. सासूही तिथंच बसली होती, कागदाच्या ओटीसमोर, भिंतीला टेकून.

मी चपला काढल्या आणि वळसा घातला.