बाजूला भिंत नसलेलं दार

माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. साठ सालानंतरची गोष्ट. वेल्ह्याकडच्या आमच्या गावातल्या पुरुषांनी ऐतिहासिक नाटक बसवलं आणि ते विंझरच्या जत्रेत केलं. माझा नवरा त्यात किल्लेदार. शेवट काय होतो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

गॅसबत्तीवाला येणार नाही असं दुपारीच कळलं, म्हणून दिवसाउजेडी नाटक सुरू झालं. त्यामुळं सगळंच उघडं पडलं. राणीचं सोंग घेतलेला गडी महालातून डावीकडं गेला आणि पडदा बदलल्यावर डावीकडूनच जंगलात आला. जंगलात खुर्ची होती. पुढं स्टेजच्या मधोमध बांबू आणि कागदाचं किल्ल्याचं दार उभं केलं. नुसतं दार. दोन्ही बाजूंना मोकळं. तरी गनीम त्याच दाराला धडका देत होता. "दार काय फुटत न्हाई," म्हणत होता.

मी ओरडले, "अरं, बाजूनं जा की!"

सासूबाईंनी कोपर मारलं. "गप बस. भित हाय तितं."

"कुठं हाय?"

"सगळ्यास्नी दिसतीया. तुलाच कशी दिसंना?"

मी कपाळाला हात लावला. ही बाई बाजारात कोंबडी उलटीसुलटी करून घेणारी, आणि तिला भिंत दिसत होती.

शेवटी दार उघडलं, तलवारी झाल्या, आणि दारापलीकडं माझा नवरा पडला. फळीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. सदऱ्यावर लाल पसरलं. गनिमाच्या माणसांनी दार परत लावलं आणि एक पहारेकरी तिथं उभा राहिला. आता पडदा पडायचा, तर तो दोरीत अडकला. माझा माणूस हलेना.

मी उठले. सासूबाईंनी पदर धरला, तो सोडवून पळत स्टेजवर चढले. समोर दार होतं. दोन्ही बाजूंना मोकळं होतं. मी बाजूनं गेले नाही. दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या आणि ओरडले, "उघडा! माजा मानूस हाय आत!"

पहारेकऱ्यानं मुकाट कडी काढल्यासारखं केलं. मी आत जाऊन नवऱ्याला गदागदा हलवलं. हाताला कुंकवाचं पाणी लागलं. त्यानं एक डोळा उघडला.

"अगं, जा खाली. मेलोय म्या."

मी तिथंच मटकन बसले आणि भोकाड पसरलं. पडदा सुटला तेव्हा खाली बायका डोळे पुसत होत्या.

नंतर चहाच्या पालाजवळ विंझरचा एक म्हातारा सासूबाईंना म्हणाला, "नाटक झ्याक केलं तुमच्या पोरांनी. पन शेवटाला किल्लेदारनीचं सोंग कुनी घेतलं वं? रडला लई भारी. चाल मातर बाप्याची व्हती."

मी शेजारीच उभी होते. तेच लुगडं, तेच लाल हात.

सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमच्याच घरचं पोर हाय. अजून शिकतंय."