बेटावरच्या चर्चची गोल भिंत

महिनाभर नांदेडला आमच्याकडे मुक्काम ठोकलेल्या सासूबाई उदगीरला परत जाव्यात, असा नवस मी नकळत त्यांनाच ऐकू जाईल असा बोललो. मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला तेच आठवतं. गोदावरीतल्या बेटावरचं ते जुनं चर्च आतून अगदी गोल. धुक्यात वाट चुकलेल्या नावाड्याला त्याच्या भिंतीतूनच मेरीमातेची हाक आली म्हणे, म्हणून नवस भिंतीशी कुजबुजायचा. मी थंडगार दगडाला तोंड लावून म्हणालो, "माते, म्हातारीला परत धाड, डझनभर मेणबत्त्या लावीन." तिकडे पार समोर, भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. गोल भिंतीनं माझा शब्द न् शब्द त्यांच्या कानात नेऊन घातला होता. जवळ येऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, मातेला कशाला तरास? उद्याच निघणार व्हते मी. आता दिवाळी करूनच जाते."