तुरीच्या वावराशी थांबलेली एसटी
डिझेलचा वास आला की धाडहून बुलढाण्याला निघालेली ती एसटी आठवते. शौचातून रक्त जायचं, पण मूळव्याध समजून मी ते घरातही लपवलं होतं. वाटेत पोटात अशी कळ आली की घामाने भिजले. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "काय होऊन राह्यलं, बाई?" मी तिच्या कानात सगळं सांगितलं, लपवलेलं रक्तही. तिने कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि तुरीच्या वावरात पदराचा आडोसा धरून उभी राहिली. गाडीत परतताना हळूच म्हणाली, "माही पोरगी लाजंपायी बोललीच नाही, अन् गेली. तू डॉक्टरले समदं सांग." मी सांगितलं. आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार निघाला. औषधं आजही चालू आहेत, आणि चार बायका जमल्या की मी त्याबद्दल मोठ्याने बोलते.