नाव नसलेल्या बाईचा हेवा

शारजातला रोल्ला भाग सोडला तेव्हा गाडीत अब्बांशेजारी सना बसली होती, मी मागे. सना माझी चुलत बहीण, मोठ्या चाचांची मुलगी, जन्मापासून इथलीच. अब्बा दुबईत कामाला. दर आठवड्याच्या सुट्टीला त्यांच्याकडे जेवायला येतात. रत्नागिरीत राहून मी ज्या दिवसांची वाट पाहिली, ते सगळे सनाला मिळाले.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. जुन्या युरोपीय छापचित्रांतल्या काळ्या माणसांवर माझा प्रकल्प आहे. तशी चित्रं अबू धाबीच्या संग्रहालयात लागली आहेत म्हटल्यावर अब्बांनी मला बोलावून घेतलं आणि सुट्टी टाकली.

वाटेत त्यांनी करक (आटवलेल्या दुधाचा कडक चहा) घेतला.

"सना, तुझा शुगर कम. आणि हा तुझा, एकदम गोड!"

लहानपणी मी तसाच प्यायचे. आता साखर घेत नाही. गुपचूप प्यायले.

संग्रहालयात गारठा होता. बहुतेक चित्रांत गोऱ्या सरदारणीमागे छत्री धरलेला काळा नोकर, चेहऱ्याच्या जागी नुसती शाई. एका चित्रात मात्र एकटी काळी बाई होती. तांब्याच्या पत्र्यावर सुईने बारीक रेघांवर रेघा ओढून तिचा रंग उतरवला होता. कपाळावरच्या उजेडासाठी कागद तेवढा कोरा सोडलेला. पाटीवर चित्रकाराचं नाव होतं. तिचं नव्हतं.

"चाचा, लुक! शी'ज सो टायर्ड," सना म्हणाली.

"बरोबर बोलली हां पोरगी!"

इतके महिने मोबाइलवर तेच चित्र मोठं करून पाहिलं, पण ती थकली आहे हे मला दिसलं नव्हतं. जीव जळला. मग, सांगायला संकोच वाटतो, त्या बाईचाही हेवा वाटला. कदाचित ती मोलकरीण असेल, हुकमावरून बसली असेल. तरी कुणीतरी तिच्या चेहऱ्याकडे केवढा वेळ पाहिलं होतं.

परतीच्या दिवशी विमानतळावर मला सोडायला अब्बा एकटेच आले. हातात करकचे दोन कप.

"घे, एकदम गोड!"

या वेळी मी कप घेतला नाही. "अब्बा, मी साखर सोडली."

"कधी?"

"अकरावीत."

"सांगायचं ना गं..." ते दोन्ही कप तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिले. कपाळ, डोळे, हनुवटी, सावकाश, पहिल्यांदा भेटल्यासारखं. आत जायची वेळ होत आली होती.

मी हलले नाही.