बाबांच्या हृदयातला जुना व्रण

नांदेडला मी हृदयरोगाचा दवाखाना टाकला, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. बाबा किल्लारीहून आठवडाभर राहायला आले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर माझ्या धाकट्या भावाबरोबर ऊस बघायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे अधूनमधून माझ्याकडे चक्कर असायची.

दवाखान्याच्या वरच आमचं घर. त्या सकाळी दुधाची पिशवी घेऊन वर येताना बाबा जिन्यात थांबले. कठडा घट्ट धरलेला, तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलत होती.

“काय होतंय बाबा?”

“काही न्हाई गं माय. गॅस हाय.”

गॅस म्हणणारे पेशंट मी रोज बघते. हाताला धरून त्यांना खाली तपासणीच्या खोलीत आणलं. तर शर्ट काढायला तयार होईनात. “तुझ्याकडं न्हाई. दुसऱ्या कुणाकडं दाखवतो,” म्हणाले. लेकीसमोर उघडं व्हायला लाजतात असं वाटून मला हसू आलं. अंगावर टॉवेल टाकला, डाव्या कुशीवर झोपवलं, जेल लावली आणि इकोच्या मशीनचा प्रोब बरगड्यांमध्ये टेकवला.

निरोगी हृदयाची भिंत प्रत्येक ठोक्याला आत येते आणि येताना जाड होते, मूठ आवळावी तशी. बाबांची मागची भिंत आणि बाजूची भिंत नीट आवळत होती. समोरची मात्र थांबलेली. शेजारचा स्नायू ओढेल तेवढी सरकत होती, स्वतः काही करत नव्हती. टोकाचा भागही तसाच. मी प्रोब फिरवून दुसऱ्या अंगाने पाहिलं. तेच दिसलं. अटॅक आजचा असता तर भिंत अशीच थांबली असती, पण तिची जाडी राहिली असती. ही पातळ झाली होती, पांढरट चमकत होती. स्नायू मरून तिथं व्रण तयार झाला होता. त्याला वेळ जावा लागतो.

“बाबा, हे आजचं न्हाई,” मी म्हणाले.

ते पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मग नजर काढून घेतली.

“कळलं व्हय तुला.”

म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. प्रोब माझ्या हातात तसाच राहिला.

मग बाबांनी हळूहळू सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात उसाला पाणी देताना छातीत कळ आली होती. दिवसभर सोडा पीत पडून राहिले. भावाने जीपमध्ये घालून लातूरला नेलं तोवर उशीर झालेला. नस मोकळी केली, जीव वाचला, तेवढी भिंत गेली.

“कुणी केलं?”

“तुझ्या होस्टेलच्या मैत्रिणीनं. लई चांगली हाय पोरगी. म्या हात जोडले तिला, लेकीला सांगू नको म्हणून.”

लातूरची ही मैत्रीणही हृदयरोगाचीच डॉक्टर; ती आणि मी शिकताना होस्टेलच्या एका खोलीत राहिलो. बाबा एसटीतून आमच्या दोघींसाठी डबा आणायचे. मागच्या उन्हाळ्यानंतर ती माझ्या घरी जेवून गेली होती. बाबा कसे आहेत, हे तिनं मलाच विचारलं होतं.

मी भावाला फोन लावला.

“अक्का, बाबांनी शपथ घातली होती,” तो म्हणाला.

“मी तेव्हा फोन केला होता. बाबा म्हणाले, शेतात हाय. मागं टीं टीं वाजत होतं.”

“हो,” तो म्हणाला.

“आवाज कसला, असं मी तुला विचारलं तर तू काय सांगितलंस?”

“ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन राहिलो म्हणलो.”

तो आयसीयूतला मॉनिटर होता. तो आवाज मी दिवसभर ऐकते. तरी भाऊ म्हणतोय म्हटल्यावर मी ट्रॅक्टर मानला होता, वर “जपून चालव” असंही म्हणाले होते.

त्याहून वाईट नंतर कळलं. माझ्याकडे येताना बाबा गोळ्या किल्लारीलाच ठेवून यायचे, मला दिसू नयेत म्हणून. माझ्या घरातले त्यांचे सगळे मुक्काम बिनगोळ्यांचे गेले होते. आताची धाप त्यातूनच वाढली होती.

“का असं केलंत?” मी रडत विचारलं.

“तू मशीन लावली असती. मला पडदा कळत न्हाई, पण तुझं तोंड कळतंय. तिथं बघायचं धाडस न्हवतं.”

मला ते समजलं. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. गावाकडचं निम्मं गाव छातीत दुखलं की माझ्या दारात येतं, आणि माझ्याच घरातल्यांनी मला बाहेर ठेवलं होतं.

औषधं सुरू करून बाबांना जरा आराम पडल्यावर मी गाडी काढून लातूरला गेले. मैत्रिणीनं मला केबिनच्या दारात पाहिलं आणि ती उठून उभीच राहिली.

“ते माझे पेशंट होते,” ती म्हणाली. “त्यांनी नको म्हटल्यावर मी तुला कसं सांगणार? तू काय केलं असतंस?”

“हेच केलं असतं. पण तुझ्या घरी येऊन जेवले नसते. तुझे बाबा कसे आहेत, असं तुलाच विचारलं नसतं.”

तिनं चहा मागवला होता. तो येण्याआधी मी निघाले.

आता बाबा बरे आहेत. व्रण जाणार नाही, पण जिना चढतात, उसाच्या बांधावर फिरून येतात. भावाशी मी औषधांपुरतं बोलते. मैत्रिणीचे फोन बरेच दिवस येत होते, मग थांबले.

बाबांचा इको मी करत नाही. नांदेडच्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे नेते आणि नातेवाईकांच्या बाकावर बाहेर बसते. बाबा शर्टाची बटणं लावत येतात. “बेस हाय म्हणले,” असं सांगतात. मी मान हलवते, त्यांना बाकावर बसवते, आणि आत जाऊन डॉक्टरांना विचारते.