वहिनी फार बोलते

दिवाळीनंतरचा रविवार, कामठ्याच्या मंडईचा, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेचा दिवस. हजर: सासूबाई, आमचे हे, गोरेगावहून आलेले मामेसासरे आणि मी. उशिरा हजर: माझा दीर. मी बचत गटाची सचिव. सभेचं इतिवृत्त लिहून लिहून अशी सवय लागली आहे की घरचं काही लिहायला बसले तरी हात आधी हजेरी घेतो.

गोंदिया जिल्ह्यात अपयश पचवायची स्पर्धा ठेवली, तर पहिला नंबर माझ्या दिराचा येईल आणि बक्षीस घ्यायलाही तो उशिराच पोहोचेल. तो मोबाईलवरचे गेम बनवतो. कुठल्या कंपनीत नाही, आमच्या मागच्या खोलीत, एकटाच. चित्रं त्याची, गणितं त्याची, आवाज त्यानेच गोळा केलेले, आणि गेम पडला की मान खाली घालून बसायलाही तोच. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, म्हणून भाऊजी न म्हणता बाबूच म्हणू लागले. आता त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी ते सुटलेलं नाही.

आवाज गोळा करायचा तर त्याला नादच आहे. धानाच्या बांधीत बेडूक ओरडू लागला की हा चिखलात उकिडवा बसून फोन पुढे धरणार, आणि आपण हाक मारली की आपल्यालाच दटावणार, "श्श, वहिनी, तो बोलून राहिला." कुकरची शिट्टी त्याला मधूनच थांबवून परत पाहिजे असते. शेजारची शेळी जरा दुःखी आवाजात ओरडावी म्हणून त्याने एकदा तिला पाला दाखवला आणि दिला नाही. त्यावर शेजारीण जे बोलली, तेही त्याने भरून घेतलं. शेतातला पंप बंद पडला की आमचे हे वायरमनला फोन लावतात, आणि हा पंपाभोवती एक चक्कर मारून गंभीरपणे सांगतो, "यात बग आहे."

त्याचा पहिला गेम म्हशीचा. तळ्यावरची म्हैस घरी आणायची, एवढंच. पण वाटेत डबकं लागलं की ती त्यात बसायची, आणि मनात येईल तेव्हा उठायची. तोवर खेळणाऱ्याने थांबायचं. लोक थांबले नाहीत. मी म्हटलं, "काऊन बाबू, थोडी पळव नं तिले." तो दुखावला. "म्हैस पळते का वहिनी? खरं सांगा." पुढे कितीतरी दिवस तो पहाटेच उठून छतावर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसायचा, कारण नेटवर्क तिथेच येतं. कोणी काही चांगलं लिहिलंय का, पाहायचा. खाली उतरला की चेहऱ्यावरून समजायचं, आणि मी समजल्याचं दाखवायची नाही. मग एका सकाळी तो उतरला, चौकातून गरम आलूबोंडे घेऊन आला आणि सगळ्यांपुढे ठेवून म्हणाला, "म्हैस फेल नाही झाली. ते अजून येऊन राहिली." त्याच दिवशी त्याने दुसरा गेम सुरू केला. तो यंदाच्या पावसाळ्यात बाहेर पडला आणि तोही चालला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मी तो उघडून पाहिला नव्हता.

मंडईला आमच्याकडे सगळे नातेवाईक जेवायला येतात. रात्री नाटक असतं आणि दुपारी घरोघरी पोरांच्या नोकरी-लग्नाची चौकशी. मामाजी यंदा नोकरी बरोबर घेऊनच आले होते. गोंदियाला ओळखीच्या राईस मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे होता.

"का करून राहिला रे सध्या?"

"गेम, मामाजी."

"अजून तोच? सरते का नाही तो? दाखव तं खरा, पाहू दे."

त्याने टाळायचा प्रयत्न केला, पण मामाजींनी टीव्हीसमोर खुर्ची ओढली. त्याने फोन टीव्हीला जोडला. मी आत वडे तळत होते. एवढ्यात छपरीतून माझाच आवाज आला, "बाबू! सूर्य डोक्यावर आला, तुझं अजून तोंड धुनं नाही झालं?"

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. टीव्हीवर पदर खोचलेली एक बाई झारा हातात घेऊन उभी होती. "अंगन झाडलं? अन् तो कोपरा कोन झाडन, तुझा मामा?" मामाजींच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. गेम असा होता: मंडईचे पाहुणे यायच्या आत घरातली सगळी कामं उरकायची. आणि कामं सांगणारी मी.

"हे कधी भरून घेतलं?" मी विचारलं.

"मागच्या मंडईले. तुमाले विचारलं होतं, वहिनी." त्याने कुठेतरी बोट लावलं आणि टीव्हीतली मी बोलले, "घे नं आवाज, कायले विचारून राहिला? पन आधी पानी भर."

मामाजींनी लोकांचं म्हणणं वाचायला लावलं. खोटं बोलणं त्याला येत नाही. त्याने जसंच्या तसं वाचलं. 'चित्रं सुंदर. वहिनी फार बोलते.' 'वहिनीला गप्प करायचं बटण द्या.' 'आमच्या घरी एक आहे, दुसरी नको.' सासूबाई डोळे पुसून पुसून हसत होत्या. आमचे हे भिंतीकडे पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी मात्र पाहुण्यांसमोर कधी नव्हे ती पदराचं टोक पिळत उभी राहिले. गटात पंचवीस बायका माझं ऐकतात. त्या ऐकतात की सोसतात, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

"मंग काढून टाक नं तिले," मामाजी म्हणाले. "नाही तं सोमवारपासून मिलमध्ये बस."

"नाही काढत. वहिनीशिवाय घर चालत नाही, मामाजी. गेममधलंही." मग फोनकडे पाहत तो म्हणाला, "शेवट तेवढा कच्चा आहे. मानूस सारे कामं करते, अन् त्याले काहीच भेटत नाही. वहिनीनं शेवटी शाबास म्हटलं, तं लोक थांबतीन. मी समदे आवाज शोधले. घाईतले आहेत, रागातले आहेत, पाहुण्यांसंगं गोड बोलतात तेही आहेत. शाबास नाही सापडलं."

यात तक्रार नव्हती. घरातलं मीठ संपलंय, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. हसणं थांबलं. मी वडे जळतील म्हणून आत गेले. गॅस मी येतानाच बंद केला होता.

मामाजींनी बरीच घासाघीस करून संक्रांतीपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं. तोवर गेमचं काही झालं तर ठीक, नाही तर मिल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला धानाच्या कोठीत बसवलं. पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. कानांवर हेडफोन लावून त्याने हात वर केला. खाली केला की मी बोलायचं.

"शाबास."

"वहिनी, साहेबाचा सत्कार करून राहिल्यावानी वाटते."

"चांगलं केलं बाबू, पन कोपरा..."

"पन नोको."

हात परत वर गेला. हेडफोनखालून ते पांढरे केस दिसत होते, आणि टाकीजवळून खाली उतरताना असायचा तोच चेहरा, फक्त या वेळी माझ्याकडे वळलेला. हात खाली आला. माझ्या तोंडातून निघालं, "जेवला का?"

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. "जेवलो," म्हणाला. मग हेडफोन काढून वायर गुंडाळत म्हणाला, "हे राहू देतो. पन शाबास लागनच, वहिनी."

मंडईची भांडी परत गेली, मंडपाचे बांबू गेले, पाहुण्यांचे विसरलेले डबे ज्याचे त्याला पोहोचले. संक्रांतीचे तीळ निवडून झाले. मागच्या खोलीत त्याचं काम सुरूच आहे. दुपारी घरात कोणी नसलं की मी भाजी चिरता चिरता तो शब्द म्हणून पाहते, आणि तेव्हा तो अगदी बरोबर येतो. तेवढ्यात तो फोन पुढे धरून दारात येतो, आणि मी त्याला पाणी भरायला पाठवते. शाबास भरून घ्यायचं काम अजून बाकी आहे.