रंगूबाईच्या हाताची पाठ आणि बिनआगीची ऊब

पोलादपूरच्या आसपास कुणाचा बैल लंगडला की पहिली हाक पडायची ती उमरठच्या रंगूबाईला. नवरा मालोजी मुंबईत कापडगिरणीत. घरी ही, आणि सासऱ्यानं मरताना हिच्या हाती दिलेली डागायची सळई. सळई निखाऱ्यात लाल करायची, जनावराच्या दुखऱ्या सांध्यावर टेकवायची, कातडीवर जन्माची खूण उठायची आणि दहातली सहा-सात जनावरं चालायला लागायची. पण मी सांगतो, करामत सळईची नव्हती, हाताची होती. हाताची पाठ जनावराच्या अंगाला लावली की ती सांगायची, "इथं नाय रे, चार बोटं खाली ताप हाय." एकदा मी बैलाची तक्रार घेऊन गेलो, तर बैल राहिला बाजूला, माझ्याच मानेला हात लावून म्हणाली, "बैल बरा हाय. तू घरी जाऊन झोप." घरी पोचेपर्यंत मला हुडहुडी भरली होती! नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत.

तर गोष्ट सदतीस सालच्या थंडीतली. महाडच्या नझीर टांगेवाल्याची मैना नावाची घोडी, महाड-पोलादपूर रस्त्यावरची राणी. तिच्या पुढच्या पायाची शीर सुजली. पाय टेकवेना. नझीरचं सगळं घर त्या चार पायांवर उभं, आणि लंगडं जनावर टांग्याला जुंपणं म्हणजे कायद्यानं गुन्हा. पाय सुधारला नाही तर घोडीला गोळी, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास मुंबईचे दस्तूर नावाचे पारशी जनावरांचे डॉक्टर लॉरी घेऊन महाडला आले. लॉरीवर तेलाचं इंजिन, डायनामो आणि एक लाकडी पेटी. पेटीतून दोन वायरी निघायच्या, त्यांच्या टोकाला रबरात गुंडाळलेल्या दोन चकत्या. मी तेव्हा भातगिरणीत मापाडी होतो. लॉरी गिरणीच्याच अंगणात लागली, त्यामुळे सगळा तमाशा मी पहिल्या रांगेत बसून पाहिला.

डॉक्टरांनी मैनेच्या पायाला फलाणीची, म्हणजे मऊ लोकरी कापडाची, पट्टी गुंडाळली, एक चकती पायाच्या आत, एक बाहेर धरली. इंजिन धडधडलं, पेटी गुणगुणली. दहा मिनिटांनी यंत्र बंद केलं. नझीरनं पायाला हात लावला आणि ओरडला, "अरे, गरम हाय! आणि आग तर कुठंच नाय!"

डॉक्टर म्हणाले, "रेडिओवर मुंबईचा गाणा येते ना, त्याच जातीच्या लहरी. कातडीत, मांसात मिठाचा पाणी असते. त्यातले बारीक कण या लहरी सेकंदाला कोटीभर वेळा इकडून तिकडे ढकलते. ती धक्काबुक्की म्हणजेच ऊब." मला लगेच पटलं. जत्रेत ढकलाढकलीत पौषातसुद्धा घाम फुटतो की नाही?

रंगूबाई मात्र उमरठहून येऊन कोपऱ्यात उभी होती, तोंड वाकडं करून. "आग नाय, निखारा नाय, खूण नाय. असली ऊब काय कामाची गो!" नझीरनं तिला आधीच सांगितलं होतं, "रंगूबाय, माझ्या मैनेला डाग नको. लेकीसारखी हाय ती." ते तिच्या मनाला लागलं होतं. पण जनावरावर तिची माया खरी. परक्या यंत्राची दृष्ट लागू नये म्हणून तिनं काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पट्टी गुंडाळायला मदत करताना आपल्या घरचं उघड्या तोंडाचं तांब्याचं कडं हळूच घोडीच्या पायात, फलाणीच्या आत सरकवलं. दृष्ट लागली तर कड्यानं ती ओढून घ्यावी, ही आमच्याकडची रीत.

इंजिन सुरू झालं. अर्ध्या मिनिटात मैना किंकाळली, उसळली. रंगूबाई पुढं धावली, चकत्यांच्या मधे हात घालून तिनं घोडीचा पाय आवरला. डॉक्टरांनी खटका ओढून यंत्र बंद केलं. रंगूबाईनंच लगबगीनं पट्टी सोडली, कडं पदरात लपवलं. पायावर कातडी पोळली होती.

मग काय विचारता! अंगणभर गलका. "भाजली की घोडी!" "रंगूबाय जितली!" मीसुद्धा ओरडलो, खोटं कशाला सांगू. डॉक्टर पेटीवरचा जोराचा काटा पुन्हा पुन्हा तपासत होते. "कालच्याएवढाच ठेवला होता," एवढंच पुटपुटले आणि वायरी गुंडाळायला लागले.

नझीर खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "रंगूबाय, आता तूच काय ते कर. डाग तर डाग."

डॉक्टर एकदम वळले. "बाई, सुजलेल्या, पोळलेल्या शिरेवर तापला लोखंड ठेवला तर पाय कायमचा जाईल. मी हात जोडते."

"यंत्रवाला शिकवतोय आमच्या रंगूबायला!" कुणीतरी खिदळलं. निखारे पेटले. सळई लाल झाली. सगळं महाड बघतंय, आणि रंगूबाईच्या उभ्या जन्माचा मान त्या क्षणी तिच्या मुठीत. सळई उचलायला तिनं हात पुढं केला आणि तशीच थांबली.

मनगटाकडं बघत राहिली. हिरव्या काचेच्या बांगड्यांखाली कातडी जशीच्या तशी. पण चांदीच्या गोठाखाली लालबुंद गोल वळ! तिनं पदरातलं कडं काढलं. घोडीच्या पायाशी नेलं. पोळलेली खूणही गोल, कड्याच्याच मापाची.

कडं तापलेलं तिला तेव्हाच कळलं होतं. पण कड्यानं दृष्ट ओढली, म्हणून ते तापलं, असं तिनं धरलं होतं. "कड्यानं दृष्ट ओढली म्हणावं," ती मोठ्यानं म्हणाली, "पण माझ्या गोठाला कुणाची दृष्ट लागली? काच गार, चांदी गरम. मला कोण बघत होतं?"

मघाशी खिदळणारे पुढं सरकून तिच्या मनगटाकडं बघायला लागले.

तिनं लाल सळई उचलली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. छस्स करून वाफ उठली. "यंत्राची चूक नाय. हे कडं मी घातलं. मैनेला मी भाजलं. नझीरभाय, मला काय बोलायचं ते बोल, पण घोडीला आणखी एक डाव या डॉक्टरकडं दे."

डॉक्टरांनी कडं हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. "धातू! सगळा जोर त्याच्यापाशी गोळा झाला, म्हणून तिथंच पोळला. पट्टीच्या आत मीच बघायला हवा होता."

नझीरनं मैनेच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "भाजलंस तूच, आता बरं पण तूच कर."

पोळलेली जागा भरेपर्यंत चार दिवस थांबले. मग पुन्हा इंजिन धडधडलं. पण आता अंगणात राज्य रंगूबाईचं! "गोठ काढा, अंगठ्या काढा, घुंगरू सोडा!" डॉक्टरांच्या खिशातलं साखळीचं घड्याळसुद्धा तिनं माझ्या हाती दिलं. पाय आधी कोरडा पुसायचा, कारण ओल राहिली की तिथंच जास्त तापतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. आणि डॉक्टरांना एक तिनं सांगितलं. "माणूस 'बास' म्हणतो. घोडी कशी म्हणणार? तिचं 'बास' मी म्हणते." त्यांची ताप मोजायची पाऱ्याची नळी यंत्र चालू असताना भलतंच दाखवायची, पारा आपणच तापायचा. तेव्हा दर दोन मिनिटांनी यंत्र बंद, रंगूबाईच्या हाताची पाठ कातडीवर, आणि हुकूम. "अजून." "अजून." "बास!" डॉक्टर निमूट काटा फिरवायचे.

अठराव्या दिवशी नझीरनं टांगा जुंपला. रंगूबाईला पुढं आपल्या शेजारी बसवलं, मागं डॉक्टर आणि मी. मैना अशी निघाली की माझी टोपी उडून सावित्री नदीच्या वाटेला लागली, आणि ती आणायला थांबायला कोण तयार होतंय! पोलादपूरच्या बाजारात शिरलो तर दुकानं सोडून माणसं रस्त्यावर. "आली रे आली, मैना आली! रंगूबाय, जितलीस की!"

रंगूबाई खाली उतरली. कुणाकडं बघितलं नाही. आधी मैनेच्या पायाशी बसली, हाताची पाठ लावली, चार बोटं खाली, चार बोटं वर.

"गार हाय," ती म्हणाली, आणि मग कुठं हसली.